वर्डमधलं पेस्ट एकदा नीट लावून घ्या

प्रूफच्या कागदावर तीन परिच्छेदांच्या मागे पांढरे पट्टे उमटले होते. चौकटीचं पान होतं, मागे फिकट राखाडी छटा दिलेली, आणि त्या छटेवर कुणी पांढरा कागद कापून चिकटवावा तसे ते पट्टे. माझ्या फाइलमध्ये त्यांचा मागमूस नव्हता, कारण मी काम केलं होतं पांढऱ्या पानावर आणि राखाडी छटा आली अगदी शेवटी, मांडणीच्या वेळी. ते तीन परिच्छेद एका वेबपानावरून उचललेले होते. त्या पानावर अक्षरांमागे पांढरा रंग दिलेला होता आणि तो रंग अक्षरांसोबत माझ्या फाइलमध्ये येऊन बसला होता. पांढऱ्यावर पांढरा, दिसणार कसा?

मी अनेक जणांचे लेख एकत्र करून पुस्तकं तयार करते. एखाद्या संग्रहात पंचवीस-तीस लेखक असतात. कुणी वर्डची फाइल पाठवतं, कुणी ईमेलच्या पोटातच लेख लिहितं, कुणी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवतं, कुणी नुसता दुवा देऊन 'इथून घ्या' म्हणतं. दिवसाला शंभरेक वेळा कंट्रोल-व्ही दाबलं जातं. त्या दोन कळांमागे वर्ड काय ठरवतं, हे मी त्या पट्ट्यांच्या दिवशी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. ते सगळं इथे लिहिते आहे, म्हणजे तुमची दुपार पट्टे शोधण्यात जाणार नाही.

कॉपी केल्यावर नेमकं काय उचललं जातं

आपल्याला वाटतं, आपण शब्द उचलले. प्रत्यक्षात ब्राउझरमधून एक ओळ कॉपी केली की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवलं जातं त्या जागी, ती एकाच वेळी अनेक रूपांत जाते. एक रूप एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानांच्या भाषेचं: त्यात फाँट, आकार, रंग, मागची छटा, दुवे असं सगळं. दुसरं रूप साध्या मजकुराचं: त्यात अक्षरांखेरीज काही नाही. वर्डमधून कॉपी केलं तर आरटीएफसारखी (मजकूर सजावटीसकट ठेवणारी) आणखी रूपं भर घालतात. पेस्ट करताना घेणारा प्रोग्रॅम यांतलं एक रूप निवडतो. नोटपॅडला साधा मजकूरच ठेवता येतो, म्हणून नोटपॅडमध्ये पेस्ट करून तिथून पुन्हा कॉपी करण्याची जुनी युक्ती चालते. वर्डला मात्र सगळी रूपं कळतात, आणि आपण काहीच सांगितलं नसेल तर निवड तो त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे करतो.

पेस्टच्या सेटिंग बदलायच्या म्हणजे ही निवड आपण आधीच करून ठेवायची.

कट, कॉपी आणि पेस्ट ही कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात जिप्सी नावाच्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये रुजवली. मुळात ती कागदाच्या कामावरूनच आलेली: कात्रीने कापायचं, गोंदाने चिकटवायचं. कागदाचा तुकडा चिकटवला की त्यावरची शाई, वळण, आकार सगळं सोबत येणारच. संगणकावर ते सोबत आणायचं की नाही हे आपल्या हातात आहे. आपण तो हात क्वचितच वापरतो, एवढंच.

सेटिंग कुठे आहे

विंडोजवरच्या वर्डमध्ये वरचा फाइल टॅब उघडा, डावीकडे तळाशी ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड. थोडं खाली गेलात की 'कट, कॉपी अँड पेस्ट' असं शीर्षक दिसेल. दुसरी वाट जवळची आहे: होम टॅबवर पेस्टच्या चित्राखालचा छोटा बाण दाबा, उघडणाऱ्या यादीच्या तळाशी 'सेट डिफॉल्ट पेस्ट' आहे. तो थेट त्याच जागी नेतो. या वाटेने जाताना एखादी फाइल उघडी असू द्या.

तिथे चार ओळी आहेत आणि प्रत्येकीसमोर एक निवड. पहिली, त्याच फाइलमध्ये पेस्ट करताना. दुसरी, एका वर्ड फाइलमधून दुसरीत. तिसरी, दोन फाइलींमध्ये एकाच नावाची स्टाइल (फाँट, आकार, अंतर यांचा नाव देऊन ठेवलेला संच) असून तिची व्याख्या वेगळी असेल तेव्हा. चौथी, वर्डबाहेरच्या प्रोग्रॅममधून: ब्राउझर, ईमेल, चॅट वगैरे.

निवडीही चार नावांच्या आहेत. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे मजकूर जसा होता तसाच आणणे. 'मर्ज फॉरमॅटिंग' म्हणजे आपल्या परिच्छेदाचं रूप देणे, पण मधले ठळक किंवा तिरपे शब्द तसेच ठेवणे. 'यूझ डेस्टिनेशन स्टाइल्स' म्हणजे नाव तेच असलेली स्टाइल आपल्या फाइलच्या व्याख्येने दाखवणे. ही निवड तिसऱ्या ओळीसाठी आहे. आणि 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे फक्त अक्षरं, बाकी सगळं गाळून.

मी काय लावते ते सांगते, कारणांसकट.

पहिली ओळ मी हलवत नाही, ती 'कीप सोर्स'वरच राहू द्या. आपल्याच फाइलमध्ये एखादं उपशीर्षक चौथ्या पानावरून सातव्या पानावर नेलं तर ते उपशीर्षकच राहायला हवं. इथे 'टेक्स्ट ओन्ली' लावलं तर प्रत्येक हलवाहलवीनंतर शीर्षक पुन्हा शीर्षक करत बसाल. उत्साहाच्या भरात चारही ओळी एकाच निवडीवर आणणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

तिसरी ओळही जशी येते तशीच, 'यूझ डेस्टिनेशन स्टाइल्स'वर, ठेवा. लेखकाच्या फाइलमध्ये 'हेडिंग १' निळं आणि मोठं असेल, तुमच्या पुस्तकात काळं आणि मध्यम असेल. नाव एकच आहे, म्हणजे तुमच्या फाइलचीच व्याख्या लागायला हवी.

खरा प्रश्न दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा आहे.

चौथी ओळ बरीच वर्षं मूळची 'कीप सोर्स'वर असायची. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती आजही तशीच सापडेल, आणि माझे पांढरे पट्टे तिच्याच वाटेने आले. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्डमध्ये ही मूळ निवड बदलून 'मर्ज फॉरमॅटिंग' करण्यात आली. तुमच्याकडे नवी आवृत्ती असली तरी एकदा जाऊन बघा, आधी कुणी बदललेली असेल तर ती तशीच राहिलेली असू शकते. दोन मिनिटांचं काम आहे. ही सेटिंग फाइलसोबत फिरत नाही, ती त्या संगणकावरच्या तुमच्या वर्डची असते. दुसऱ्या संगणकावर बसलात तर तिथे पुन्हा लावावी लागेल.

'टेक्स्ट ओन्ली'ने केलेलं नुकसान

पट्ट्यांच्या प्रकरणानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. दुसरी आणि चौथी अशा दोन्ही ओळी 'कीप टेक्स्ट ओन्ली'वर आणल्या आणि पुढचा अख्खा संग्रह तसा उतरवला. फाइल काय सुंदर दिसत होती! एकच फाँट, एकच आकार, ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं.

मग एका लेखिकेला तिच्या लेखाचं प्रूफ पाठवलं. तिने उलट टपाली विचारलं, "माझे तिरपे शब्द कुठे गेले?" तिच्या लेखात आजीच्या बोलीतले शब्द तिरप्या अक्षरांत होते आणि तिचं स्वतःचं निवेदन सरळ अक्षरांत. वाचकाने कोणाचा आवाज कुठे सुरू होतो हे अक्षरांच्या कलावरून ओळखावं, अशी तिने केलेली योजना होती. माझ्या सेटिंगने ती पुसून टाकली होती, आणि मला कळलंही नव्हतं. मग मी बाकीचे लेख मूळ फाइलींशी ताडून पाहिले. पुस्तकांची नावं तिरपी होती ती सरळ झाली होती. एका लेखातल्या तळटीपा नाहीशा झाल्या होत्या, कारण तळटीप ही साध्या मजकुरात मावणारी गोष्टच नाही. एका तक्त्याचे खण जाऊन टॅबने तुटलेल्या ओळी उरल्या होत्या. सगळे लेख पुन्हा उतरवावे लागले.

कुणी 'नेहमी टेक्स्ट ओन्लीच लावा' असा सल्ला दिला की मला ते तिरपे शब्द आठवतात. फाँट आणि रंग हे बहुतेक वेळा त्या वेबपानाचे किंवा त्या प्रोग्रॅमचे असतात, ते जायलाच हवेत. तिरपा शब्द, ठळक शब्द, तळटीप हे लेखकाचं लिहिणं असतं. ते जाता कामा नये. आता माझी चौथी ओळ 'मर्ज फॉरमॅटिंग'वर आहे आणि दुसरीही.

'मर्ज'च्या दोन सवयी मात्र माहीत असू द्या.

पहिली: ठळक किंवा तिरपी अक्षरं 'मर्ज' तेव्हाच जपतो, जेव्हा ती कॉपी केलेल्या मजकुराच्या काही भागाला लागलेली असतात. संपूर्ण तिरपं असलेलं एकच वाक्य उचललंत तर तो ते जोर म्हणून धरत नाही, सबंध मजकुराचं रूप म्हणून धरतो आणि सरळ करून टाकतो. म्हणून असं वाक्य घेताना मी शेजारच्या सरळ वाक्याचे दोन-तीन शब्दही सोबत घेते आणि पेस्ट केल्यावर ते खोडते.

दुसरी: कर्सरच्या लगेच आधीच्या अक्षरांचं रूप नव्या मजकुराला चिकटतं. ठळक शब्दाच्या शेवटाला कर्सर ठेवून पेस्ट केलंत तर आलेलं सगळं ठळक होऊ शकतं. नव्या ओळीवर जायचं, ती ओळ साधी आहे ना हे होम टॅबवरच्या 'बी'च्या खुणेवर बघायचं आणि मग पेस्ट करायचं.

स्टाइल नीट वापरून लिहिलेली एखादी फाइल आली (अशी आली की खरंच आनंद होतो), तर तिच्यासाठी 'मर्ज' नको, कारण तो शीर्षकांनाही साध्या परिच्छेदात बसवतो. तेवढ्यापुरतं 'यूझ डेस्टिनेशन स्टाइल्स' वापरते. शीर्षकं शीर्षकंच राहतात आणि दिसतात माझ्या पुस्तकासारखी.

एकाच वेळेपुरता बदल

मूळ सेटिंग कितीही विचाराने लावली तरी शंभरातल्या पाच पेस्टना वेगळं काही हवं असतं. त्यासाठी सेटिंगकडे परत धावू नका. पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी एक छोटं बटण उमटतं. माउस न उचलता नुसतं कंट्रोल एकदा दाबून सोडलं की ते उघडतं. मग एकच कळ: 'के' म्हणजे मूळ रूप, 'एम' म्हणजे मर्ज, 'एस' म्हणजे आपल्या स्टाइल, 'टी' म्हणजे नुसता मजकूर. यांतले कोणते पर्याय दिसतील ते काय कॉपी केलं आहे त्यावर ठरतं. कंट्रोल-व्ही, मग कंट्रोल, मग 'टी' हे माझ्या बोटांना इतकं सवयीचं झालं आहे की मी पाहतही नाही.

हे बटण दिसतच नसेल, तर त्याच 'कट, कॉपी अँड पेस्ट'च्या भागात 'शो पेस्ट ऑप्शन्स बटन' या चौकोनात खूण करा. काही जणांना ते मध्येमध्ये येतं म्हणून नकोसं वाटतं. मला ते हवंच असतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही जोडी आता थेट नुसता मजकूर पेस्ट करते. २०१६ किंवा २०१९ च्या वर्डमध्ये त्याच कळा निराळं काम करतात, कॉपी केलेलं रूप दुसऱ्या मजकुरावर चढवण्याचं. तिथे नुसत्या मजकुरासाठी कळा हव्या असतील तर स्वतः नेमता येतात: फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, तळाशी कीबोर्ड शॉर्टकट्ससमोर कस्टमाइझ. डावीकडे 'ऑल कमांड्स' निवडा, उजवीकडच्या यादीत 'पेस्टटेक्स्टओन्ली' शोधा, हव्या त्या कळा दाबा आणि असाइन करा.

ज्या परिच्छेदात पेस्ट करायचं तो आधी दुरुस्त करा

'मर्ज' असो की 'टेक्स्ट ओन्ली', दोन्ही मजकुराला तुमच्या परिच्छेदाचं रूप देतात. तुमचा परिच्छेदच विस्कटलेला असेल तर रूप तेच मिळणार. म्हणून पेस्ट सुरू करण्याआधी 'नॉर्मल' ही स्टाइल हवी तशी करून घ्या. होम टॅबवर स्टाइल्सच्या पट्टीत 'नॉर्मल'वर उजवं बटण दाबून मॉडिफाय निवडा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी इथे एक पायरी जास्त करायची असते, आणि ती राहून जाते म्हणूनच 'पेस्ट केलं की फाँट बदलतो' ही तक्रार सारखी ऐकू येते. वर्ड रोमन अक्षरांसाठी एक फाँट आणि आकार लक्षात ठेवतो, आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. मॉडिफायच्या खिडकीत खाली फॉरमॅट, त्यात फाँट उघडा. वर 'लॅटिन टेक्स्ट' आणि खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतील. देवनागरीचा फाँट आणि आकार त्या खालच्या भागात लावायचा असतो. खालचा भाग दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा. वर कितीही सुंदर फाँट निवडला आणि खाली मंगल किंवा निर्मला यूआय तसाच राहिला, तर साधा मजकूर म्हणून आलेली प्रत्येक मराठी ओळ त्या खालच्या फाँटमध्ये उतरेल. दोष पेस्टचा वाटतो, पण तो स्टाइलचा असतो. आकारही तपासा: वर १२ आणि खाली ११ असं असेल तर मधली रोमन अक्षरं मोठी आणि मराठी अक्षरं बारीक दिसत राहतात.

परिच्छेदाची खूणही दिसू द्या. होम टॅबवर उलट्या 'पी'सारखं चिन्ह आहे, ते चालू करा. वर्डमध्ये परिच्छेदाचं रूप, म्हणजे समास, ओळींमधलं अंतर, मध्यभागी की डावीकडे, हे सगळं त्या शेवटच्या खुणेत साठवलेलं असतं. कॉपी करताना ती खूण घेतलीत तर रूपही सोबत येण्याची वाट उघडते. खूण सोडून फक्त शब्द घेतलेत तर परिच्छेदाचं रूप मागे राहतं. एवढं एक ध्यानात आलं तरी निम्म्या तक्रारी संपतात.

'कट, कॉपी अँड पेस्ट'च्या भागातल्या लहान खुणा

'कीप बुलेट्स अँड नंबर्स' ही खूण 'टेक्स्ट ओन्ली' वापरतानाही यादीचे बिंदू आणि आकडे जपते. असू द्या. चित्रं 'इन लाइन विथ टेक्स्ट' येऊ द्या, नाहीतर ती पानभर तरंगतात. 'यूझ स्मार्ट कट अँड पेस्ट' मी बंद ठेवते. पेस्ट केलेल्या शब्दाच्या आजूबाजूला तो आपणहून मोकळी जागा घालतो किंवा काढतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला जोडून लिहायचे असतात. 'पुस्तका' या रूपापुढे 'मध्ये' चिकटवताना मध्ये जागा आलेली मला चालत नाही, आणि अशी एक जागा मुद्रितशोधनात सहज निसटते. ज्यांचं काम बहुतांश इंग्रजीत असतं त्यांना ती सोय बरी वाटेल.

वर्डखेरीज

मॅकवर वर्डच्या मेनूत प्रेफरन्सेस, त्यात एडिट, तिथे याच निवडी आहेत.

लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये अशा चार ओळी नाहीत, पण कंट्रोल-व्ही या कळांनाच दुसरं काम देता येतं. टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड. वरच्या यादीत कंट्रोल-व्ही शोधा, उजवीकडे रायटर निवडा म्हणजे बदल तेवढ्यापुरता राहील, खालच्या वर्गांमध्ये एडिट आणि त्यात 'पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट' निवडून असाइन करा (जुन्या आवृत्तीत त्या बटणावर मॉडिफाय असं लिहिलेलं असे). कळा बदलायच्या नसतील तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही आधीपासून हेच काम करतं. तिथे 'मर्ज'सारखा मधला पर्याय नाही, म्हणून तिरप्या शब्दांचं मी वर सांगितलं ते रायटरमध्ये जास्तच जपा.

गूगल डॉक्समध्ये मूळ पेस्ट बदलायची सेटिंग नाही. कंट्रोल-शिफ्ट-व्हीची सवय लावायची, आणि आधीच आलेलं परकं रूप निवडून कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून काढायचं.

सेटिंगच्या आवाक्याबाहेरचं

काही घाण रूपात नसते, अक्षरांतच असते. पेस्टची कोणतीही निवड ती काढू शकत नाही, आणि हे ठाऊक नसलं की माणूस सेटिंग उलटसुलट करत राहतो.

ईमेलमधून आलेल्या मजकुरात बऱ्याचदा ओळ संपते तिथे परिच्छेद नसतो, नुसता ओळतोड असतो. खुणा चालू असतील तर तो वळलेल्या बाणासारखा दिसतो. दोन्ही बाजू सारख्या केलेल्या परिच्छेदात अशी ओळ ताणली जाते आणि शब्दांमध्ये खिंडारं पडतात. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदलाची खिडकी उघडा, मोअर, मग स्पेशल, त्यात 'मॅन्युअल लाइन ब्रेक' निवडा आणि त्या जागी परिच्छेदाची खूण किंवा मोकळी जागा घाला. त्याच यादीतून 'नॉनब्रेकिंग स्पेस' (ओळ तिथे तुटू न देणारी मोकळी जागा) निवडून तिच्या ठिकाणी साधी जागाही भरून घ्या. वेबपानांवरून ती फार येते. प्रत्येक ओळ हाच एक परिच्छेद होऊन आली असेल तर क्रम सांभाळा: आधी लागोपाठच्या दोन परिच्छेद-खुणा बदलून तिथे '##' असं काहीतरी ठेवा, मग उरलेल्या एकेकट्या खुणांच्या जागी मोकळी जागा, आणि शेवटी '##' च्या जागी परत परिच्छेद.

अदृश्य अक्षरं झाडून काढणारी साधनं मराठी मजकुरावर चालवू नका. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा 'र' काही वेळा झिरो विड्थ जॉइनर या न दिसणाऱ्या अक्षराच्या आधारावर उभा असतो. ते काढलं की 'तऱ्हा'चा 'तर्हा' होतो, रफार वर जातो. हा जॉइनर साध्या मजकुराच्या पेस्टमध्ये सुखरूप राहतो, कारण तो रूपाचा भाग नाही, अक्षर आहे.

युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधला मजकूर, कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाइली, यांना 'मर्ज' किंवा 'टेक्स्ट ओन्ली' लावलात तर मराठी जाऊन रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. त्या फाइलींत मराठी अक्षरं कधी नव्हतीच. रोमन संकेतांवर मराठी आकार चढवलेले होते, आणि फाँट काढला की आकारही जातो. असा मजकूर 'कीप सोर्स'ने घ्या, आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मग बाकीचं. पीडीएफमधून उचललेल्या मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी झाली असतील तर तेही पेस्टच्या हातात नाही. मी सरळ लेखकाकडे मूळ फाइल मागते.

आधीच येऊन बसलेलं परकं रूप काढायचं असेल तर मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस दाबा, अक्षरांचं वरवर चढवलेलं रूप जातं. कंट्रोल-क्यू दाबलं की परिच्छेदाचं जातं. माझे पांढरे पट्टे कंट्रोल-स्पेसने एका क्षणात गेले. वेळ गेला तो शोधण्यात. पण कंट्रोल-स्पेस तिरपे शब्दही सरळ करतं, म्हणून अख्ख्या लेखावर एकदम चालवू नका, परिच्छेद-परिच्छेद पाहत जा.

नव्या संगणकावर सेटिंग लावली की मी एक चाचणी घेते. वेबपानावरून असा परिच्छेद निवडते ज्यात एक दुवा आहे, एक ठळक शब्द आहे, एक तिरपा आहे. कोऱ्या वर्ड फाइलच्या पानाला डिझाइन टॅबवरच्या 'पेज कलर'मधून फिकट राखाडी रंग देते आणि तो परिच्छेद पेस्ट करते. फाँट माझा असायला हवा, ठळक आणि तिरपा शब्द जागेवर असायला हवेत, आणि अक्षरांमागे राखाडीखेरीज दुसरा रंग दिसता कामा नये. तिन्ही जमलं की पानाचा रंग काढते आणि पहिला लेख उघडते.